पॅडल: पहिली रॅकेट कोणती घ्यावी? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवशिक्यांसाठी)

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. पॅडलसाठी (काचेने वेढलेल्या कोर्टवर चौघांनी खेळायचा टेनिससारखा खेळ) दोन रॅकेट घ्यायच्या आहेत, एक मला आणि एक बायकोला. मला बॅडमिंटनची जुनी सवय आहे, तिने आजवर कुठलीच रॅकेट धरलेली नाही. सध्या पुण्याला गेलो की किंवा चोर्ल्यावरून गोव्याला उतरलो की तिथल्या भाड्याच्या रॅकेटवर खेळतो. आता स्वतःची हवी.

बहुतेक ऑनलाइनच मागवणार, म्हणजे हातात धरून बघणं होणार नाही. एका रॅकेटला सात हजारांपर्यंत तयारी आहे. साइटवर गोल, थेंब, डायमंड, ३के, १२के, १८के, सॉफ्ट ईव्हीए असं काय काय लिहिलेलं असतं. यातलं नवशिक्याने नेमकं काय बघायचं? माझ्या उजव्या कोपराला अधूनमधून कळ येते, तेही लक्षात घेऊन सांगा.

हिरण्यकेशी

आधी खेळ काय मागतो ते बघू, मग रॅकेटवर येऊ.

पॅडलचं कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मागे काच, बाजूला काही भाग काच आणि बाकी जाळी. सर्व्हिस टप्पा पाडून, कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली मारायची असते. म्हणजे टेनिससारखी वरून ठोकलेली सर्व्हिस इथे नाहीच. नवशिक्याने जीव खाऊन स्मॅश मारला तर बॉल समोरच्या मागच्या काचेवर आपटून आरामात परत येतो आणि समोरच्यालाच सोपा फटका मिळतो. सुरुवातीच्या वर्षभरात गुण मिळतात ते काचेवरून आलेला बॉल शांतपणे उचलून दिल्याने, उंच लॉबने आणि नेटजवळ नुसती रॅकेट आडवी धरून केलेल्या व्हॉलीने. यातल्या कशालाच ताकदीची रॅकेट लागत नाही. बॉल रॅकेटच्या मधोमध लागला नाही तरी निदान नेटपलीकडे जावा, एवढंच पहिल्या रॅकेटचं काम.

आता आकार. पॅडलच्या रॅकेटला तारा नसतात, भोकांचं भरीव पातं असतं. गोल रॅकेटमध्ये स्वीट स्पॉट (बॉल लागला की फटका सगळ्यात चांगला बसतो ती जागा) मोठा असतो आणि पात्याच्या मध्यावर असतो. डायमंडमध्ये तो लहान होतो आणि वर, टोकाकडे सरकतो. थेंब दोन्हींच्या मध्ये. डायमंडचं वजन टोकाकडे असल्यामुळे वरून मारलेल्या फटक्याला जोर मिळतो, पण खाली काचेजवळ बॉल काढताना तीच रॅकेट उशिरा येते, आणि नवशिक्याचा बहुतेक खेळ काचेजवळच होतो. म्हणून पहिली रॅकेट गोल. "गोल म्हणजे पोरांची रॅकेट" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. नॉक्सची एमएल१० प्रो कप गोलच आहे आणि ती मिगेल लाम्पेर्टीसारख्या व्यावसायिक खेळाडूच्या नावाने विकली जाते.

वजन: पुरुषांनी ३५० ते ३६५ ग्रॅम, बायकांनी ३४० ते ३५५ ग्रॅम. ३७० च्या वर जाऊ नका. ३३५ च्या खाली गेलात तर वेगाने आलेला बॉल रॅकेटलाच मागे ढकलतो आणि तो धक्का मनगटात येतो. म्हणजे फार हलकी रॅकेटही कोपराला बरी नाही.

गाभा सॉफ्ट किंवा मीडियम-सॉफ्ट ईव्हीए (पात्याच्या आतला रबरासारखा दाट थर). वरचं पातं फायबरग्लासचं. चौकट कार्बनची असेल तर उत्तम, कारण काचेला घासली-आपटली जाते ती चौकटच. तुम्हाला आणि वहिनींना दोघांनाही हेच लागू. फक्त वजनात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक ठेवा.

शहापूर_पेठ

ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. बॅडमिंटन खेळलेल्या माणसाची नजर तयार असते, बॉल मधोमध घेणं त्याला जड जात नाही. गोल रॅकेट सहा महिन्यांत अपुरी वाटायला लागते आणि परत पैसे घालायचे. त्याने थेट थेंब घ्यावी. दुसऱ्या रॅकेटचा खर्च वाचतो की.

वेदगंगा

शहापूर_पेठ, नजर तयार असते हे खरं, पण अडचण नजरेची नाही, मनगटाची आहे.

बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची. फटका शेवटच्या क्षणी मनगट झटकून मारायचा ही तिथली सवय. तोच झटका ३६० ग्रॅमच्या रॅकेटला दिला की कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे बोटं आणि मनगट उचलणारे स्नायू चिकटतात, तिथे ताण येतो. टेनिस एल्बो म्हणतात तो तिथलाच. धाग्याच्या मालकांना कळ आधीपासूनच आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रश्न "सहा महिन्यांनी अपुरी वाटेल का" हा नाही. "सहा महिने विनादुखणं खेळता येईल का" हा आहे.

कोपराला त्रास देणाऱ्या गोष्टी, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने:

टोकाकडे वजन. एकूण वजन तेच असलं तरी ते मुठीपासून जितकं लांब, तितका मनगटावर पीळ जास्त.

कडक गाभा आणि कडक कार्बनचं पातं. बॉल कडेला लागला की थरथर थेट हातात येते.

बारीक मूठ. याकडे कोणी बघतच नाही. मूठ बारीक असली की रॅकेट हातात फिरू नये म्हणून माणूस ती आवळून धरतो, आणि दीड तास आवळलेला हात दुसऱ्या दिवशी दुखतोच. पॅडलच्या रॅकेट बहुधा एकाच मापाच्या मुठीत येतात आणि ते माप बारीकच असतं. वर ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) चढवून आपण जाड करायचं असं गृहीतच धरलेलं आहे. तपासायची रीत: रॅकेट खेळताना धरता तशी धरा. अनामिकेचं टोक आणि तळहाताचा अंगठ्याखालचा गादीसारखा भाग यांच्यात दुसऱ्या हाताची करंगळी जेमतेम बसली पाहिजे. करंगळी शिरतच नसेल तर मूठ बारीक, अजून एक ओव्हरग्रिप घाला. करंगळी ढिली पडत असेल तर एक काढा.

चौथी गोष्ट जुने, मेलेले बॉल. बॉल उसळत नाही म्हणून माणूस जोर लावतो.

दुखणं आठवड्याभरात बसलं नाही, किंवा कप उचलताना, किल्ली फिरवतानाही कळ यायला लागली तर रॅकेट बदलत बसू नका, खेळ थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

शहापूर_पेठ

कोपराचं मी धरलंच नव्हतं. ते असेल तर गोलच बरी.

अथणीकर

एक गोष्ट राहिली. "सॉफ्ट घ्या" हा सल्ला बाहेरच्या व्हिडिओतून येतो आणि तो बहुधा थंड हवेच्या देशातला असतो. ईव्हीए उन्हाने मऊ होतं आणि थंडीत कडक होतं. आमच्याकडे अथणी, कागवाड, रायबाग पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तिथे सगळ्यात मऊ गाभ्याची रॅकेट दुपारी चारला इतकी मऊ होते की हलक्या फटक्यालाही बॉल लांब उडतो, आणि जोरात मारलं तर गाभाच दबतो व बॉल पुढे जात नाही. दोन्हीकडून तोटा.

म्हणून सॉफ्ट नको, मीडियम-सॉफ्ट घ्या. काही रॅकेटमध्ये ईव्हीएऐवजी नुसता फोम असतो. तो आणखी मऊ असतो आणि लवकर बसतो. उन्हाच्या भागात तो टाळलेला बरा.

मलप्रभा_काठ

अथणीकरांना दुजोरा. त्यात उंचीही धरा.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. बॉलच्या आतला दाब कारखान्यात भरलेला तेवढाच राहतो, बाहेरचा कमी होतो, त्यामुळे बॉल जास्त फुगीर वागतो आणि जास्त उसळतो. शिवाय विरळ हवेत त्याला अडथळाही कमी. गोव्याच्या किनाऱ्यावर जो लॉब मागच्या काचेच्या अलीकडे पडतो, तोच इथे सरळ काचेवर जाऊन आदळतो. तिथे ऐटीत खेळणारा माणूस घाट चढून वर आला की त्याचे सगळे बॉल बाहेर का जातात, त्याचं कारण हे.

आंतरराष्ट्रीय पॅडल महासंघाच्या नियमातही हे आहे. साधा बॉल २.५४ मीटरवरून सोडला की १३५ ते १४५ सेंटिमीटर उसळला पाहिजे. ५०० मीटरच्या वर खेळताना कमी उसळणारा बॉल वापरायची मुभा आहे, त्याची उसळी सुमारे १२२ ते १३५ सेंटिमीटर. पुणेही ५०० मीटरच्या वरच येतं. तसे बॉल सहज मिळाले नाहीत तर नवा डबा फोडल्या फोडल्या नवशिक्यांनी वापरू नये. दोन-तीन सामने झालेले बॉल शिकायला सोपे पडतात. पण वेदगंगांनी म्हटलं तसं पार मेलेलेही नकोत. छातीच्या उंचीवरून सोडलेला बॉल गुडघ्याच्याही खाली राहिला की तो काढून टाका.

टेनिसचे बॉल वापरून भागवू नका. ते पॅडलच्या बॉलपेक्षा जास्त दाबाचे असतात आणि या उंचीवर तर आवरतच नाहीत.

थोडक्यात, ज्या भागात बॉल आपोआप जास्त पळतो तिथे रॅकेटनेही त्याला उडवायला नको. मीडियम-सॉफ्ट, गोल, तोल खाली (म्हणजे वजन मुठीकडे).

हिरण्यकेशी

अथणीकर आणि मलप्रभा_काठ यांचं म्हणणं मान्य. खानापूरच्या वरच्या बाजूला, जिथे थंडीत रात्री खेळताना गारठा असतो, तिथे सॉफ्ट चालून जाईल. बाकी सगळीकडे मीडियम-सॉफ्ट. माझ्या वरच्या प्रतिसादात तेवढी दुरुस्ती धरून वाचा.

आता तोलाविषयी सविस्तर लिहिते, कारण ऑनलाइन घेताना आकाराच्या नावापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो.

रॅकेटचा तोल म्हणजे मुठीच्या खालच्या टोकापासून किती सेंटिमीटरवर ती आडवी स्थिर राहते. २५.५ च्या खाली असेल तर तोल खाली, २५.५ ते २६.५ मध्यम, २६.५ च्या वर टोकाकडे. कंपन्या बहुधा "लो, मीडियम, हाय" एवढंच लिहितात, आकडा देत नाहीत. दुकानदाराला विचारा. नाही मिळाला तर रॅकेट घरी आल्यावर, वेष्टन न फाडता जेवढं जमेल तेवढं, स्वतः मोजा.

लागतं काय, तर स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा आणि शाळेची ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी. घरात काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात चालतो, फक्त तो एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. पट्टी टेबलावर कडेवर उभी करून दोन पुस्तकांमध्ये घट्ट बसवा. रॅकेट तिच्यावर आडवी ठेवून मागे-पुढे सरकवा. कुठल्याच बाजूला कलत नाही त्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करा आणि मुठीच्या बुडापासून अंतर मोजा. मनगटाची दोरी लोंबती ठेवू नका, मुठीला गुंडाळून ठेवा, नाहीतर दोन-तीन मिलिमीटर चुकतं.

हा तोल नंतर बदलतोही. समजा रॅकेट ३६० ग्रॅमची आणि तोल २६ वर. एक ओव्हरग्रिप साधारण ६ ग्रॅमची, तिचं वजन बुडापासून सुमारे ७ सेंटिमीटरवर येतं. ती चढवली की तोल २५.७ वर उतरतो. याउलट टोकाला ८ ग्रॅमची संरक्षक पट्टी चिकटवली की तोल २६.४ वर चढतो. नवी रॅकेट खरचटू नये म्हणून लोक पहिल्याच दिवशी जाड पट्टी लावतात, आणि मध्यम तोलाची रॅकेट टोकाकडे झुकते. पट्टी लावायचीच असेल तर पातळ, पारदर्शक लावा आणि सोबत एक ओव्हरग्रिप वाढवा, म्हणजे तोल जवळपास होता तिथेच राहतो. एकूण वजन मात्र १४ ग्रॅमने वाढलं, ते हिशेबात धरा. म्हणूनच ३६५ च्या वरची रॅकेट पहिल्यांदा घेऊ नका म्हणते. पट्टी आणि दोन ग्रिप चढल्या की ती कधी ३८५ ला पोचते कळत नाही.

तिसरं_गेट

खूप उपयोगी पडलं हे. तीन पर्याय काढलेत. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, साइटवर लिहिलेलं तेवढं देतो.

अ: डायमंड, १८के कार्बन, हार्ड ईव्हीए, ३६५-३७५ ग्रॅम. सवलतीत ६,८००.
ब: गोल, फायबरग्लास, "सॉफ्ट ईव्हीए", ३५०-३६५ ग्रॅम, तोल "लो". ५,४००.
क: थेंब, ३के कार्बन, मीडियम ईव्हीए, ३५५-३७० ग्रॅम, तोल लिहिलेला नाही. ६,५००.

अ वर सवलत मोठी आहे म्हणून मन ओढतंय. १८के म्हणजे ३केपेक्षा भारी ना?

शहापूर_पेठ

अ कशाला बघूलाय दादा! वर एवढं सगळ्यांनी लिहिलंय की. डायमंड, हार्ड आणि जड, तिन्ही नको त्या गोष्टी एकाच रॅकेटमध्ये. कोपरासाठी ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

हिरण्यकेशी

के म्हणजे हजार. ३के म्हणजे कार्बनच्या एका धाग्यात तीन हजार तंतू, १८के म्हणजे अठरा हजार. आकडा मोठा म्हणजे दर्जा वरचा असं नाही. पातं किती कडक होणार ते कापडाचे थर किती, राळ कोणती आणि खाली गाभा कोणता यावर ठरतं. एका कंपनीचं १२के दुसरीच्या ३केपेक्षा मऊ लागू शकतं. के बघून नवशिक्याने रॅकेट निवडू नये एवढंच.

फायबरग्लास कार्बनपेक्षा लवचीक असतो. हळू फटक्यालाही बॉल बाहेर टाकतो, आणि कडेला लागलेल्या बॉलचा धक्का कमी देतो. सुरुवातीला तुम्ही हळूच मारणार आहात, म्हणून तो बरा. टिकायला कार्बन सरस, हे खरं आहे.

पात्यावरचा खरखरीतपणा हाही पैसे वाढवणारा भाग. त्याने बॉलला फिरकी जास्त मिळते असं म्हणतात, पण कोर्टवरच्या कृत्रिम गवतात वाळू असते. बॉलबरोबर ती पात्यावर घासून रंगाचा खरखरीतपणा काही महिन्यांत जातो. पहिल्या रॅकेटला त्यासाठी हजार रुपये जास्त मोजू नका.

ब घ्या. "सॉफ्ट" लिहिलंय, पण आपल्याला हवं ते मीडियम-सॉफ्ट आहे का ते आधी दुकानदाराला विचारा. खूप कंपन्या दोन्हींना सॉफ्टच म्हणतात. त्याच मॉडेलची मीडियम मिळत असेल तर तुमच्यासाठी ती आणि वहिनींसाठी सॉफ्ट, असंही चालेल.

क ला पूर्ण बाद करू नका. थेंब असली तरी तोल २५.८ च्या आसपास निघाला तर ती गोल रॅकेटइतकीच हाताळायला सोपी असते. उलट काही "गोल" रॅकेट २६.३ वर असतात. म्हणून आकडा मागा. आगुस्तीन तापियाच्या नावाची एटी१० जीनियसही थेंबच आहे. थेंब वाईट नाही, पण कळ असलेल्या कोपरासाठी कार्बनचं पातं पहिल्यांदा नको.

मलप्रभा_काठ

वजनाचा एक मुद्दा. ३५०-३६५ असं छापतात कारण एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये १० ते १५ ग्रॅमचा फरक असतो. हाताने थर चढवून राळ घालतात, तेवढं कमी-जास्त होतंच. मागवताना दुकानदाराला निरोप टाका: "तुमच्याकडच्या नगांतली ३५५ च्या आतली पाठवा, काट्यावर ठेवून फोटो पाठवा." चांगले दुकानदार हे करतात. न करणाऱ्याकडून घेऊ नका. वहिनींसाठी याच मॉडेलची ३५० वाली निघाली तर दुसरं मॉडेल शोधायचीही गरज नाही.

वेदगंगा

पैशाविषयी थोडं. सात हजार रॅकेटवरच घालवू नका. ५,४०० ची घेतलीत तर उरलेल्यात ओव्हरग्रिपचा जोड आणि बॉलचा डबा येतो. बुटांसाठी वेगळी तजवीज करा. वाळू टाकलेल्या कृत्रिम गवतावर धावण्याचे बूट घसरतात, त्यांची टाच उंच आणि मऊ असते आणि बाजूला वळताना घोटा मुरगळतो. मातीच्या टेनिस कोर्टसाठीचे, माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेल्या तळाचे बूट चालतात. बॅडमिंटनचे सपाट गम-रबरी बूट वाळूवर धरत नाहीत.

अथणीकर

ऑनलाइन मागवताना दोन घोटाळे सर्रास होतात. पिकलबॉलची रॅकेट शोधयादीत मध्येच येते. ती चपटी असते, तिला भोकं नसतात आणि तिचा बॉल प्लॅस्टिकचा. दुसरी बीच टेनिसची. तिला भोकं असतात, दिसते हुबेहूब, पण ५० सेंटिमीटरपर्यंत लांब आणि पातळ. पॅडलची रॅकेट जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर लांब, २६ रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड. पात्याच्या मधल्या भागातली भोकं ९ ते १३ मिलिमीटरची. हे आकडे उत्पादनाच्या पानावर जुळवून बघा आणि मगच पैसे भरा.

मनगटाची दोरी नसलेली रॅकेट घेऊ नका. दोरी मनगटात घालणं नियमाने सक्तीचं आहे, आणि चौघे काचेच्या खोक्यात जवळजवळ असताना सुटलेली रॅकेट जोडीदाराच्या तोंडावर जाते.

निपाणी_नाका

धागा वाचतोय. माझा प्रश्न वेगळा आहे. एक जण वापरलेली रॅकेट निम्म्या किमतीत देऊलाय, चांगल्या कंपनीची, गोल. घ्यावी का? काय तपासायचं?

हिरण्यकेशी

घ्यायला हरकत नाही, पण उजेडात बघून.

चौकटीच्या टोकाला रंग उडालेला असणारच, तो काचेला घासून जातो. त्याची फिकीर नको. रंगाखाली नखाला लागणारी चीर आहे का ते बघा. नखाने आडवं ओरखडा, नख अडलं तर ती कार्बनची चीर, रंगाची नाही. मुठीच्या वर पात्याला जोडणारे दोन हात असतात, मध्ये मोकळी जागा. त्या दोन हातांच्या मुळाशी केसासारखी रेघ असेल तर सोडून द्या. तिथे तुटलेली रॅकेट दुरुस्त होऊन टिकत नाही.

मग बोटाच्या पेराने पात्यावर मध्यापासून कडेपर्यंत टकटक करत जा. दोन्ही बाजूंनी करा. आवाज सगळीकडे सारखा, भरीव आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी फुटक्या मडक्यासारखा आला तर तिथे पातं गाभ्यापासून सुटलंय. भोकांच्या कडा बघा. दोन भोकांना जोडणारी रेघ दिसली तर पातं फाटायला लागलंय.

पट्टी पात्यावर आडवी धरून उजेडाकडे बघा. मधोमध पट्टीखालून उजेड दिसला तर गाभा बसलाय. मूठ हलवून बघा, आत खुळखुळ झाली तर बुडाची टोपी किंवा आतला तुकडा सुटलाय.

आणि विचारा की रॅकेट ठेवली कुठे जायची. गाडीच्या डिकीत राहिलेली असेल तर घेऊ नका. बंद गाडीतल्या उन्हाने डिंक सैल होतो आणि गाभा मऊ पडतो, बाहेरून काहीच दिसत नाही. आठवड्यातून तीन-चारदा खेळणाऱ्याची रॅकेट वर्ष-दीड वर्षात गाभ्याने थकते. त्यामुळे दोन वर्षं वापरलेली असेल तर निम्मी किंमतही जास्तच. वॉरंटी बहुधा मूळ बिलावर आणि फक्त कारखान्याच्या दोषाला असते. आपटून तुटलेली त्यात येत नाही.

निपाणी_नाका

समजलं. उद्या पट्टी घेऊनच जातो बघायला. धन्यवाद ताई.

तिसरं_गेट

ब चं मीडियम मॉडेल मागवलं, दोघांसाठी. एक ३५२ ची, एक ३५८ ची, काट्याचे फोटो आले. दोन गोष्टी सांगा: ओव्हरग्रिप चढवायची नेमकी रीत, आणि पावसाळ्यात काय करायचं?

वेदगंगा

ओव्हरग्रिप: मूळ ग्रिप काढायची नाही, तिच्यावरच चढवायची. ओव्हरग्रिपवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा आधी सोला. तो राहिला तर रॅकेट हातातून सुळकन जाते. निमुळतं टोक मुठीच्या बुडाला, दोरी जिथून बाहेर येते तिथे चिकटवा. पहिला वेढा सरळ आणि घट्ट, बुडाच्या कडेवर थोडा चढेल असा. तिथून तिरका घेत वर जा, प्रत्येक वेढा आधीच्यावर तीन-चार मिलिमीटर चढला पाहिजे. पट्टी सतत ताणून धरा. ढिली पडली की सुरकुत्या येतात आणि तिथेच फोड उठतो. पट्टी टेनिसच्या लांब मुठीच्या हिशेबाने केलेली असते, ती इथे उरते. मुठीच्या वरच्या टोकाला तिरकी कापा आणि सोबतची चिकटपट्टी लावा. मूठ जाड हवी असेल तर पट्टी जास्त चढवून घेऊ नका, उंचवटे होतात. दुसरी ओव्हरग्रिप घाला. हात घामेजणारा असेल तर चिकट प्रकाराऐवजी कोरडा, कापडी पोताचा प्रकार घ्या. आठ-दहा तास खेळ झाला की बदला.

मलप्रभा_काठ

पावसाळा: आमच्या खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, छताखाली खेळलात तरी बॉलवरची लोकर पाणी धरते. ओला बॉल जड होतो आणि कमी उसळतो. तेव्हा कोपराला जास्त झटके बसतात, खेळ लवकर आटपा. रॅकेटच्या भोकांतून गाभ्याची कड उघडी असते, तिथून ओल आत शिरते. खेळून झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि भोकांतलं पाणी झटकून काढा. मग पंख्याखाली सावलीत उभी ठेवा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देऊ नका, चुलीजवळ तर मुळीच नको. कव्हरमध्ये लगेच कोंबू नका, आत बुरशी धरते आणि ग्रिपला वास येतो. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्याच चालतील.

तिसरं_गेट

शेवटचा प्रश्न. मुलगी दहा वर्षांची, तीही मागे लागली आहे. ३५२ ची तिला चालेल का?

वेदगंगा

नाही. तिला ३०० ते ३३० ग्रॅमची, लहानांसाठी केलेली रॅकेट हवी. ती जाडीला कमी असते, लांबीलाही ४५.५ पेक्षा आखूड, आणि मूठ लहान हाताच्या मापाची. मोठ्यांची रॅकेट दिली की मूल दोन्ही हातांनी मधोमध धरतं आणि कोपर अंगाला चिकटवून मारतं, ती सवय पुढे सुटत नाही. लहानांच्या रॅकेट स्वस्त असतात, तिथे फार शोधाशोध करायची गरज नाही. दोरी तिच्या मनगटावर घट्ट करायची सोय आहे का तेवढं बघा, सैल दोरीतून लहान हात निसटतो. बारा-तेराव्या वर्षी उंची वाढली की वहिनींची ३५२ वाली तिला देऊन बघा.